विभूती लावलेला कट्टा

उदगीरच्या मोंढ्यात धान्याचा सौदा साडेदहाला निघतो, म्हणजे निघायचा असतो. प्रत्यक्षात निघतो तेव्हा साडेबारा झालेले असतात. तोवर माणसं आपापल्या मालाजवळ उकिडवी बसून दुसऱ्याच्या ढिगाकडं बघतात आणि "तुमचा बरा दिसालालाय की" असं म्हणून घेतात. यंदा तेही कुणी म्हणत नव्हतं. शेंग भरायच्या वेळेलाच पावसानं पाठ फिरवली होती, आणि सोयाबीनचा दाणा मोहरीचा थोरला भाऊ म्हणून खपला असता.

गौरम्मा गुरुलिंगअप्पांच्या आडतीसमोर, शटरच्या सावलीत बसली होती. गुडघ्यावर हात, हातावर हनुवटी. पहाटे पाचपासून ती जागी होती, आणि खरं सांगायचं तर ऑगस्टपासूनच. विहिरीशेजारच्या दहा गुंठ्यांना तिनं घागरीनं पाणी घातलं होतं, तळाचा गाळ लागेपर्यंत. तेवढाच दाणा पोसला. तो मळणीयंत्रात घातला नाही, साल फुटतं म्हणून काठीनं हळू बडवला, आणि पुढच्या मृगासाठी एका कट्ट्यात भरून कोपऱ्यात उभा केला. मागच्या खेपेला विकतचं बी निम्मं उगवलं नव्हतं. पुन्हा तो नाद नको, असं तिनं ठरवलं होतं.

चौतीस वर्षं तिच्या घरात एक रीत होती. बियाण्याच्या कट्ट्याला तीन बोटं विभूती लावायची. विभूती दिसली की त्याला हात लावायचा नाही. पाहुणा येवो की दुष्काळ. बाकीचे कट्टे कोरे. तिचं कानडी बोलणारं माहेर देगलूरकडं, सीमेवर; सासरी आल्यापासून तिच्या बोलण्याची थट्टा व्हायची, "गौरम्माच्या एका वाक्यात तीन राज्यं," पण तिच्या बियाण्याची थट्टा कुणी केली नव्हती.

घरात दहा कट्टे होते. पहाटे अंधारातच नऊ पिकअपमध्ये चढले, कोपऱ्यातला एक मागं राहिला. मोजणी बरोबर होती. घोळ मोजणीत नव्हताच.

हमालानं आठ कट्टे ओतले. बारीक, सुरकुतलेला माल. नववा ओतला आणि गौरम्मा उभीच राहिली. ढिगाच्या डोक्यावरून पिवळेधमक, टपोरे दाणे घरंगळत खाली आले. तिनं रिकामा कट्टा उचलून बघितला. विभूतीचे तीन पट्टे. मग बाकीचे आठ बघितले. सगळ्यांवर तीन तीन पट्टे!

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्ये कुनी केलं?"

बसवंतनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "म्या. दिवाळीला. येवढंसंच पिकलं, म्हन्लं सगळ्यालाच देवाचा हात लागू दे."

"आन उंदरं लागली म्हून कट्टे हिकडचे तिकडं बी तुम्हीच केलाव."

"म्याच की."

तिनं रिकामा कट्टा घडी घालून काखेत मारला. ओरडायलाही अंगात जोर लागतो.

तेवढ्यात सौदा आलाच. पुढं पुकारणारा, नाकातून एकाच सुरात, श्वास न घेता: "चारदोनशे चारदोनशे, चारदोनशेपंचवीस, बोला शेठ बोला, माल बगा माल." मागं खरेदीदारांचा घोळका. तेलगिरणीसाठी खरेदी करणाऱ्या महादेवप्पांनी ढिगाच्या डोक्यावरून मूठ घेतली, तळहातावर फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. कट्. मग डोळे मिटून, जसा काही जावई पसंत करालालेत: "चार हजार सहाशे."

आजूबाजूची डोकी वळली. सकाळपासून कुणाला चार हजार तीनशेच्या वर गेलेलं ऐकू आलं नव्हतं.

गुरुलिंगअप्पांनी घसा खाकरला. सौद्याची पावती, म्हणजे पट्टी, फाडायच्या आधी ते तीनदा खाकरायचे, अख्ख्या मोंढ्याला पाठ होतं. एक झालं. दोन झालं.

"थांबा, अप्पा," गौरम्मा म्हणाली. "माल द्यायचा न्हाई."

"काय वं अक्का! भाव कमी हाय का?"

"जास्ती हाय."

हमाल फिस्सकन हसला. बसवंत तिच्या कानाशी लागला, "अगं, गप की. शेठ आपसूक द्यालालेत तर घे. बी बघू जूनमदी."

"आन माप करताना खालचा माल निगाला की? ढिगावर सोनं आन पोटात भुस्सा केलाव म्हनतील. सौदा मोडतील, वर नाव जाईल." मग आवाज खाली आणून, "आन जूनमदी काय बघालाव? पिशवी? त्या पिशवीनंच मागं रडवलंय."

महादेवप्पांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो मोहरीचा थोरला भाऊ. त्यांनी गौरम्माकडं बघितलं, हातातल्या मालाकडं बघितलं. "तुम्ही बोलला नसताव तर मापाला म्याच बोललो असतो, आव्वा," ते म्हणाले. "बी येगळं करून द्या. राहिलेला चार हजार तीनशेनं घेतो. पर आजच."

"येगळं कसं करनार?" बसवंत म्हणाला. "सोयाबीनमदून सोयाबीन?"

उत्तर कमलम्मानं दिलं. ती मोंढ्यात माल चाळायची. पंचवीस वर्षांत धुळीनं तिचा आवाज पत्र्यासारखा झाला होता. "ह्या साली जमतंय, दादा. दुसऱ्या साली जमलं नसतं. तुमचा दाना येवढा बारका हाय की माझ्या चाळणीतून पळतोय. बी वर ऱ्हातंय. देवानं येवढी तरी सोय केली."

तिच्या या बोलण्यावर दिवसात पहिल्यांदा गौरम्मा हसली. मग चाळणीचं दुसरं टोक धरलं.

साडेतीन तास. इकडून कमलम्मा, तिकडून गौरम्मा, मध्ये चाळणी, खाली बारक्या दाण्याचा पाऊस. खऱ्या पावसानंही यंदा केला नव्हता तेवढा आवाज खाली अंथरलेल्या पत्र्यावर होत होता. बसवंत फावड्यानं भरत राहिला, कुणी न सांगता. हमालानं बियाण्याचा भरलेला कट्टा खांद्यावर घेतला, तशी गौरम्मा ओरडली, "आदळू नको रे बाबा! त्याच्या पोटात जीव हाय."

"माज्या पन," हमाल म्हणाला, पण कट्टा हळूच ठेवला.

घरी आल्यावर तिनं बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. ओतलं, चाळलं, फावडं लागलं. किती दाणे दुखावले ते आता गोणपाटच सांगणार होतं. रोज पाणी शिंपडायचं, उघडून बघायचं नाही. बसवंत रोज विचारायचा, "बघू का?" ती म्हणायची, "न्हाई."

सातव्या दिवशी सकाळी तिनं गोणपाट ओसरीवर उलगडलं आणि मोड आलेले दाणे मोजायला घेतले. महत्त्वाचं असलं की ती माहेरच्या बोलीत मोजायची. ओंदु, एरडु, मूरु. बसवंत शेजारी उकिडवा बसला होता. कानडी आकडे त्याला वीसपर्यंतच यायचे, पुढं तो तिच्या चेहऱ्यावरून मोजत होता.

"अरवत्तेंटु," ती थांबली. "अडुसष्ट."

"म्हंजे?"

"शंभरात सत्तर तरी उगवाय पायजे हुते."

तो खाली बघायला लागला.

"मग काय," ती म्हणाली, "एकरी दोन किलो जास्ती पेरू. पेरता येतंय."

तिनं वाटीतली विभूती घेतली, कोपऱ्यातल्या कट्ट्यावर तीन बोटं ओढली. शेजारी घरीच राहिलेला बारक्या मालाचा कट्टा होता, त्याच्यावरचे बसवंतचे पट्टे पदरानं पुसले. वाटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवली.

मग न उगवलेले बत्तीस दाणे ओंजळीत गोळा केले. तेही तितकेच टपोरे, तितकेच पिवळे होते. तिनं ते शेळीपुढं टाकले.