पाठ नसलेलं झबलं

अरे, ती बाई माझ्या डोक्यातून जातच नाहीये! जयेंद्रगंजच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी वहिनीबरोबर बसले होते आणि समोर ही, सातव्या महिन्यातली, आरामात झबलं शिवत होती. जुन्या मऊ साडीचं. मधूनमधून सुई केसांत घासायची, की पुन्हा सुरू.

शेजारी तिची सासू धुसफुसत होती. "जन्माआधी बाळाचे कपडे शिवत नाहीत गं! किती वेळा सांगू?"

"आई, नंतर वेळ कुठे मिळणार?"

मी लगेच नाक खुपसलं. "पण ताई, याला पाठच नाहीये!"

"मुद्दाम," ती हसली. मागच्या सोनोग्राफीत कळलं होतं, बाळाचा कणा खाली एका जागी उघडा आहे. जन्मल्यावर लगेच ऑपरेशन करून बंद करणार. पाय किती चालतील, ते डॉक्टरही आत्ता सांगू शकत नाहीत. "टाक्यांना कापड घासायला नको. आणि आल्याआल्या बाळाला वाटायला नको ना, की इथे कुणी आपली तयारीच केली नव्हती."

 

"चलिए, अगला नंबर!" आतून हाक आली. झबलं खुर्चीवर ठेवून ती आत गेली.

सासूने ते उचललं, उलटंसुलटं केलं. "बंदांची गाठ मानेवर येतेय. लेकराला टोचेल," ती स्वतःशीच पुटपुटली. मग सुनेची सुई आपल्या पांढऱ्या केसांत घासली आणि मानेवरचे बंद उसवून ते खांद्यावर लावायला बसली.