मेन्यूतली घंटी

सिलतरा औद्योगिक वसाहतीतल्या, स्पंज आयर्न म्हणजे कच्चं लोखंड बनवणाऱ्या एका कारखान्यात दिवाकर रामटेके एकोणीस वर्षं कंप्युटर सांभाळत होता. हाताचा भलता चपळ. नवं सॉफ्टवेअर टाकताना पडद्यावर येणारे प्रश्न वाचत बसणं म्हणजे त्याच्या मते नवशिक्यांचं काम. नेक्स्ट, नेक्स्ट करत चहा थंड व्हायच्या आत तो मोकळा व्हायचा, आणि याचा त्याला तोरा होता.

भट्टीजवळचा विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा बिघडून दुरुस्तीला गेला. तोवर कंट्रोल रूमच्या कंप्युटरवर वायूचं प्रमाण दाखवणारा प्रोग्राम टाकायचं ठरलं. पाळीवरच्या ऑपरेटरने तो उघडून नजर ठेवायची. दिवाकरने सकाळी तो टाकला. इन्स्टॉलरने सुरुवातीलाच विचारलं होतं, मेन्यूत चित्र कुणाकुणासाठी ठेवायचं: फक्त तुमच्यासाठी की सगळ्यांसाठी? पहिल्या उत्तरावर आधीच खूण होती. दिवाकरने नेक्स्ट दाबलं. त्या कंप्युटरवर प्रत्येकाचं आपापल्या नावाचं खातं होतं; दिवाकरच्या खात्यात लाल घंटीचं चित्र आलं, आकडे हलायला लागले. झालं काम.

दुपारच्या पाळीला जुना ऑपरेटर नीलकंठ आला. स्वतःच्या नावाने कंप्युटर उघडून त्याने मेन्यू पाहिला आणि दिवाकरला फोन लावला.

"भैया, ते घंटीवालं चित्र नाही दिसून राहिलं."

"काहून नाही दिसत? सकाळीच टाकलं न मी. डोळे उघडून पाय."

"पूरा मेन्यू पाहला ना बाप्पा."

"मंग अजून पाय. मी जेवून राहिलो."

नीलकंठने अजून पाहिलंही असेल. चारच्या सुमारास भट्टीजवळचा पंखा अडकला; का ते बघायला तो तिकडे गेला आणि तिथेच कोसळला. त्या वायूला ना रंग ना वास. बाहेर काढेपर्यंत सारं संपलं होतं.

दिवाकर धावत आला. पडद्यावर नीलकंठचं खातं उघडंच होतं, आणि मेन्यूत घंटी नव्हती. तेव्हा कुठे त्याला सकाळचा प्रश्न आठवला. नीलकंठच्या जागी बोलावलेला माणूस दारात उभा होता, त्याला तरी घंटी दिसायला हवी. दिवाकरने प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, या वेळी ओळ न् ओळ वाचून. सगळ्यांसाठी. सगळ्यांच्या मेन्यूत घंटी आली, मेलेल्या नीलकंठच्याही. हे दुसऱ्यांचा जीव वाचवायला केलं की स्वतःची कातडी, ते तो आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तीन दिवसांनी चौकशीवाल्यांनी नीलकंठचं खातं उघडलं. घंटी समोरच. ऑपरेटरने सूचना असूनही प्रोग्राम उघडला नाही, असं अहवालात लिहिलं गेलं. दिवाकर शेजारी उभा राहून ते ऐकत होता. तोंड उघडायला त्याला कुणी मना केलं नव्हतं. भेकड माणूस, दुसरं काय!

आठवड्याने तो तात्यापारा मोहल्ल्यात नीलकंठच्या घरी गेला. त्याची बायको प्रेमला समोर येऊन बसली.

"भाऊ, लोक म्हणतात त्यानं पाहलंच नाही. माहा माणूस गॅसचं बटन दोनदा पाहून झोपे. शेवटचा फोन त्यानं तुम्हालेच लावला होता. खरं सांगा, त्याले दिसत होतं का ते चित्र?"

खरं सांगायलाच तर तो आला होता. वाटभर वाक्यं जुळवली होती.

"दिसत होतं, वहिनी," तो म्हणाला.

प्रेमलाने पदराने तोंड पुसलं.

"हव. मंग त्याचीच चूक," ती म्हणाली. "तुम्हाले उगाच तरास दिला त्यानं. माफ करा भाऊ."