यंत्र हलणार नव्हतं

"मशीन उस कमरे से नहीं हिलेगी," आमचे विभागप्रमुख म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला. म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला होता.

माझ्या लेखी तो सुरूही झाला नव्हता. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर ममता सासूबरोबर बसली होती. टहरौलीजवळच्या खेड्यातली ही मुलगी, नुकताच सातवा महिना लागलेला. पोटातल्या बाळाचं रक्त दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. वाचवायचं तर त्याला पोटातच रक्त द्यायला हवं होतं, आणि आमच्या हॉस्पिटलात असं कुणी कधी केलं नव्हतं.

मी फीटल मेडिसिनची डॉक्टर. पोटातलं बाळ हाच माझा पेशंट. चेन्नईत हे शिकून मी झाशीला परत आले तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "यहाँ इसका क्या काम?" आमच्या घराला रेल्वेच्या नोकरीने या गावात आणलं, त्याला तीन पिढ्या झाल्या. माझा भाचा मराठी समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. इतकं झाशीचं झाल्यावरही "ये दिल्ली नहीं, झाँसी है" हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

ममताचा आजार साधा सांगायचा तर असा. तिचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. बाळ बापाच्या गटाचं निघालं की आईचं शरीर त्याच्या रक्ताला परकं समजतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिल्या बाळंतपणानंतर एक इंजेक्शन वेळेवर दिलं तर ही लढाई टळते. ममताचं पहिलं बाळंतपण घरी झालं, इंजेक्शन कुणी दिलं नाही. ते बाळ उपचार न मिळालेल्या साध्या काविळीने गेलं, पण आईच्या शरीराची लढायची तयारी झाली आणि ती पुढच्या बाळांवर आली. दुसऱ्या वेळी तिला मोठ्या शहरात पाठवलं. गाडीची सोय आणि बेडची वाट यात बाळ पोटातच गेलं.

सासू पहिल्या तपासणीला आत आली होती. आमच्या खोलीत मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी आहे. तशी पाटी दारावर आहे, तरी लोक आडून आडून विचारतातच. या बाईने तसलं काही विचारलं नाही. पडद्याकडे बोट करून म्हणाली, "डाकटरनी जी, दो तो माटी में दै दए. जौ जिंदा है?"

"है," मी म्हणाले. पडद्यावरचा हलणारा ठोका तिला बोटाने दाखवला.

बाळाचं रक्त पातळ झालंय हे सुई न टोचता कळतं. मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीतला वेग सोनोग्राफीवर मोजायचा. रक्त पातळ, तर वेग जास्त. माझं संशोधन याच मोजमापावर चाललं होतं आणि विभागप्रमुख साहेब त्याला 'पेपरबाज़ी' म्हणायचे. त्या पेपरबाजीनेच ममताचं बाळ बुडतंय हे दाखवलं.

आता अडचण. रक्त द्यायची सुई सोनोग्राफीत बघत बघतच नाळेतल्या शिरेत घालायची असते. ऑपरेशन थिएटरमध्ये सोनोग्राफीचं यंत्र नव्हतं. जे होतं ते याच खोलीच्या नावावर नोंदलेलं. लिंगनिदानाच्या भीतीने आपल्याकडे या यंत्रांवर कडक पहारा असतो, आणि तो असायलाच हवा. आमच्या साहेबांनी त्याचा अर्थ असा लावला होता की यंत्राने उंबराही ओलांडायचा नाही.

"सर, परमिशन माँग लेते हैं."

"महीनों लगेंगे. दिल्ली रेफर कर दीजिए."

"पिछली बार रेफर ही तो किया था, सर. बच्चा रास्ते में चला गया."

"तो हम क्या करें? यहाँ रानी बनने की ज़रूरत नहीं है."

झाशीत बाईने आवाज चढवला की तिला राणी म्हणतात. कौतुकही त्याच शब्दात आणि टोमणाही त्याच शब्दात. मला चांगलाच राग आला. तणतणत बाहेर आले, सोनोग्राफीच्या खोलीत गेले आणि यंत्राकडे बघत बसले. ते हलणार नव्हतं. बरं, नको हलू दे. थिएटर तर हलू शकतं ना?

भूलतज्ज्ञ सप्रे माझ्याहून लहान, इथल्याच जुन्या मराठी घरातला. त्याला मी बेत सांगितला.

"ताई, तू पागल झाली आहेस," तो म्हणाला. "उलटं पडलं तर साहेब आपल्याला कच्चे चबाएंगे."

"येतोस की नाही?"

"येतो ना. मी कधी नाही म्हटलं?"

मग आम्ही खोली धुऊन काढली. टपकणारा एसी दुरुस्त करून घेतला. थिएटरमधून निर्जंतुक कपडे, दिवा, ऑक्सिजन, सगळं आणलं. दाराशी ट्रॉली उभी केली, कारण बाळाचे ठोके मंदावले आणि सावरले नाहीत तर ममताला धावत थिएटरमध्ये नेऊन सिझेरियन करावं लागलं असतं. थिएटर त्याच मजल्यावर होतं, तिथली टीम तयार ठेवली. रक्त ओ निगेटिव्ह हवं होतं, तेही ताजं. ब्लड बँकेने बबीना छावणीतल्या एका फौजीला फोन केला. तो आला, रक्त देऊन चहाही न घेता परत गेला. ममताला आणि सासूला धोका स्पष्ट सांगितला: सुईने बाळ जाऊही शकतं, आणि काही न करता ते जाणारच आहे. साहेबांनाही कळवलं. लपवून करण्यासारखं मी काहीच करत नव्हते.

सुई पोटातून आत गेली. पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते. बाळ हललं तर सुई शिरेतून निसटते, म्हणून आधी त्याला थोडा वेळ गप्प ठेवायचं औषध दिलं. नळीत आलेलं बाळाचं रक्त बघून सिस्टर "हे राम" म्हणाली, इतकं ते फिकं होतं.

रक्त चढवायला लागलो आणि दार उघडलं. दारात साहेब.

"ये क्या तमाशा है?"

मान न वळवता मी म्हणाले, "सर, आत यायचं तर गाउन घाला. नाही तर दार लावा."

नोकरीत मी कुठल्याही साहेबाशी अशी बोलले नव्हते, आणि मराठीत तर नाहीच. पण तेव्हा तोंडात तीच भाषा आली. दार लागलं.

अर्ध्यात ठोके घसरले. मी हात थांबवला. सप्रेने ट्रॉलीकडे पाहिलं. ममता छताकडे बघत होती. मला भीती वाटत होती. मग ठोके हळूहळू वर आले, पूर्वीसारखे झाले. आम्ही उरलेलं रक्त दिलं. शिरेत शिरणारं रक्त पडद्यावर चमचमत होतं.

बाहेर आले तर साहेब गेले नव्हते. बाकावर ममताच्या सासूशेजारी बसले होते. ती त्यांना शिपाई समजून पाणी कुठे मिळेल ते विचारत होती, आणि ते बाटली घेऊन उठले होते.

पुढे असं रक्त आणखी काही वेळा द्यावं लागलं, त्याच खोलीत. नवव्या महिन्यात बाळ झालं. मुलगी. तिला कावीळ झाली, ती दिव्याखाली राहिली, बरी झाली. सासूने तिला पदरात घेतलं आणि मला म्हणाली, "अब जाके नाम धरहैं." पहिल्या दोघांना नावं ठेवायची वेळच आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी तिथेच रडले.

साहेबांनी माझी माफी मागितली नाही. मीही त्यांची मागितली नाही. नियम पाळूनही हट्ट करता येतो, एवढं मात्र दोघांना कळलं असावं.

परवा त्यांचा फोन आला. एरच गावची एक बाई आली होती, रक्तगट निगेटिव्ह, आधीचं एक बाळ गेलेलं. मला वाटलं, आता दिल्लीचं नाव काढतील.

"मैडम," साहेब म्हणाले, "कमरा धुलवा दिया है. आप कब आ रही हैं?"