बिस्किटाच्या डब्यातला कपॅसिटर

शिकलेल्या माणसाला घरी येऊन काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. मीही त्यातलाच.

बाबा साकोलीकडच्या एका राइस मिलमध्ये जन्मभर इलेक्ट्रिशियन होते. एकोडीच्या घरी त्यांची जुनी रेकॉर्ड वाजवायची मशीन होती आणि तिच्यासाठी स्वतः बनवलेला, सुईकडून येणारा आवाज वाढवणारा प्रीअॅम्प, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. बारीक-जाड आवाजाचं प्रमाण ठरवणारे छोटे कपॅसिटर बिघडलेल्या रेडिओंमधून काढून एकेक करून लावायचे, ऐकायचे, काढायचे, असा त्यांनी तो जुळवला होता. मीटरबिटर काही नाही. संध्याकाळी भजनाची एकच रेकॉर्ड लावायचे आणि चिपळ्या सुरू झाल्या की पलंगाच्या कडेवर अंगठ्याने ठेका धरायचे.

मला तो आवाज कर्कश वाटायचा. रेकॉर्ड बनवताना बारीक, म्हणजे चिपळ्यांसारखा उंच पट्टीतला आवाज मुद्दाम चढवलेला असतो. वाजवताना तो तेवढाच उतरवायचा असतो. बाबांच्या डब्यात तो पुरता उतरतच नव्हता. दिवाळीला पुण्याहून येताना मी गणित करून योग्य कपॅसिटर आणला आणि ते बाजारात गेले असताना जुना काढून नवा बसवला. मीटरवर तपासलं. अगदी पुस्तकाबरहुकूम.

बाबा आले, रेकॉर्ड ऐकली. अंगठा हलला नाही. ते मला दिसलं होतं, हे कबूल करायलाच हवं. पण मी माझ्याच कौतुकात होतो.

“बेस केलं तू,” ते म्हणाले. “आता कसं साफ वाजून राहिलं.”

वर्षभराने आईचा फोन आला. “तू गेला तवापासून तुह्या बाबानं मशीन लावलीच नाही. म्हणतेत, मशीन त बराबर हाय, माहे कानच गेले.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिलच्या खडखडाटात बाबांचं बारीक आवाज ऐकणं कधीच कमी झालं होतं. डबा रेकॉर्डला जुळवलेला नव्हताच, त्यांच्या कानाला जुळवलेला होता. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणून हसण्यासारखंही हे नव्हतं. स्वतःची लाज वाटली.

तडक एकोडी गाठली. जुना कपॅसिटर बाबांनी खिळ्यांच्या डबीत जपून ठेवला होता. तो परत बसवला आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं.

“मंग तवाच काहून नाही सांगितलं?” मी त्यांच्यावरच चिडलो.

“तू इतका शिकलेला. मले वाटलं, तूच बराबर असशीन.”

रेकॉर्ड लावली. चिपळ्या पूर्वीसारख्याच कर्कश वाजू लागल्या, माझ्या कानात टोचू लागल्या. बाबा सरकत सरकत स्पीकरजवळ गेले, त्याला कान लावला. अंगठा पलंगाच्या कडेवर तयार ठेवला होता. रेकॉर्ड संपत आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“चिपळ्या आल्या काय रे?”

त्यांना चिपळ्या ऐकू आल्या असत्या ते शेवटचं वर्ष मी दुरुस्त करून टाकलं होतं.