ट्रॉम्सोच्या डोंगरवाटा आणि अण्णांनी गोळा केलेली मेंढरं

अण्णा नॉर्वेला यायला तयार झाले ते एका अटीवर. तिथं असेपर्यंत मेंढरांचा विषय कुणी काढायचा नाही. "काय बोलायचं ते माघारी आल्यावर बोलू. तिकडं कुनी तोंड उघडलं तर मी एकटा निघून येईन," असं त्यांनी मला आणि दत्ताला फोनवर बजावलं. इंग्रजीचं एक अक्षर न येणारा हा माणूस ओस्लोहून सांगोल्याला एकटा कसा येणार होता, हे विचारायची आमची छाती नव्हती.

विषय काय ते सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावात आयुष्यभर मेंढरं राखली. आता सत्तरी उलटलीय आणि उजवा गुडघा पार झिजलाय. मागच्या पावसाळ्यात ओढ्यात पाय सटकून पडले आणि कुणीतरी येईपर्यंत तिथंच बसून राहिले. तेव्हापासून माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, दत्ताचं, एकच टुमणं: मेंढरं सोपान काकांना द्या आणि माझ्याकडं सोलापुरात राहायला या. सोपान काका म्हणजे अण्णांचे धाकटे चुलतभाऊ, मेंढरांतच वाढलेले. पण अण्णांचं उत्तर ठरलेलं. "सोलापुरात मी काय करू? लिफ्टमदी बसून खाली-वर?"

दत्ता ट्रॉम्सोच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत काम करतो. त्यानं बोलावलं, मला बँकेतून रजा मिळाली आणि आम्ही दोघांनी मनात एक डाव आखला. दोन आठवडे मेंढरांपासून लांब राहिले की अण्णांना आपोआप सवय होईल. पावसाळ्यात मेंढरं गावाजवळच असतात, त्यामुळे तेवढे दिवस सोपान काकांवर सोपवायलाही अण्णांनी फार कुरकुर केली नाही.

सोलापूर ते मुंबई रेल्वे, मुंबईहून आखातात विमान बदलून ओस्लो आणि तिथून उत्तरेकडं आणखी एक विमान. जाणाऱ्यांनी ओस्लोला दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा, सामान तिथं उचलून पुन्हा द्यावं लागतं. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर न्या. तिकडं एका कॉफीच्या पैशात सोलापुरात दोघं पोटभर जेवतात. आम्ही दत्ताच्या घरी राहिलो आणि दुकानातून भाज्या आणून रांधलं, म्हणून निभावलं.

ट्रॉम्सो हे शहरच मुळी एका बेटावर आहे. चहूबाजूंनी समुद्राच्या खाड्या, खाड्यांच्या पलीकडं डोंगर आणि जुलैतही डोंगरांच्या डोक्यावर बर्फाची ठिगळं. शाळेत भूगोलात मध्यरात्रीचा सूर्य मला दोन मार्कांना आला होता. दोन्ही मार्क मिळवले होते, पण तो खरंच मावळत नाही याच्यावर विश्वास तिथं जाऊन बसला. अण्णांनी पहिल्या दिवशी जाड पडदे बाजूला सारून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "मग हितली मानसं झोपत्यात कवा?"

"कंटाळा आला की," दत्ता म्हणाला.

पहिला दिवस प्रवासाचा शीण घालवण्यासाठी ठेवला आणि फक्त बेटाच्या माथ्यावरच्या प्रेस्टवान तळ्याला फेरी मारली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सुरुवात इथूनच करा. सपाट वाट, मधूनमधून बाक, तळ्यात पक्षी. डास मात्र उजनीकाठच्या डासांना मागे टाकतील असे आहेत, अंगभर कपडे घाला. धोतर, पटका आणि वर दत्तानं घेतलेलं निळं जॅकेट अशा थाटात अण्णा चालत होते. पळणाऱ्या बायका त्यांना बघून हसून मान लववत होत्या आणि अण्णा प्रत्येकीला "राम राम" घालत होते.

दुसऱ्या दिवशी शेर्पा-पायऱ्या. पूल ओलांडून बसनं पलीकडच्या काठाला गेलं की डोंगराच्या पायथ्यापासून दगडी पायऱ्या सुरू होतात. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी त्या बांधल्या आहेत. हजाराच्या वर पायऱ्या, एकाही ठिकाणी कठडा नाही, आणि तरीही म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकुरवाळ्यांपर्यंत सगळं गाव चढत असतं. अण्णांना आम्ही केबल कारनं वर पाठवलं. तिकीट महाग आहे पण गुडघ्यापुढं काय करता! मी आणि दत्ता पायऱ्यांनी गेलो. मी अर्ध्यातच जीभ बाहेर काढली. सोलापुरात चढ म्हणजे उड्डाणपूल, दुसरा सराव कुठला असणार?

वर, केबल कार थांबते तिथल्या कठड्याला टेकून अण्णा आमची वाट बघत होते. खाली ते सगळं शहर, लांबलचक पूल, निळ्याशार खाड्या आणि पलीकडं डोंगरामागं डोंगर. बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. अण्णा शेजारी घाम पुसत बसलेल्या माणसांकडं बघत होते.

"ही मानसं वर कशाला आल्यात?"

"बघायला, अण्णा."

"आनि मग?"

"मग उतरायचं."

"चारा न्हाय, पानी न्हाय, देव न्हाय. नुसतंच चढायचं?" त्यांनी थोडा विचार केला. "बरं हाय की. लईच सुखी लोक हायती."

तिसरा दिवस पावसात गेला. तिथं हवा तासातासाला बदलते, त्यामुळे एखादा दिवस हातचा राखून ठेवाच. बूट पाणी आत न घेणारे असावेत, कारण वाटा शेवाळलेल्या आणि दलदलीच्या आहेत. दगडांवर लाल रंगात T अक्षर काढलेलं असतं, ते बघत चालायचं. ते दिसेनासं झालं की आपण चुकलो.

चौथ्या दिवशी दत्ता गाडी घेऊन आम्हाला शेजारच्या क्वालोया बेटावर घेऊन गेला. समुद्राकाठच्या ग्रोटफ्योर गावाजवळून एक वाट डोंगराच्या खांद्यावर जाते आणि वरून उघडा समुद्र दिसतो. बसची सोय नसल्यातच जमा आहे, गाडी हवीच. सुरुवातीचा टप्पा सोपा, गवताचा. तिथंच पहिल्यांदा घंटा ऐकू आल्या आणि पाठोपाठ मेंढरं दिसली.

पांढरीशुभ्र, लोकरीची गाठोडीच. एक आई आणि दोन कोकरं, लांब आणखी एक आई, तिची दोन कोकरं, अशी सगळ्या उतारावर विखुरलेली. अण्णा थांबले. त्यांच्या अटीनुसार आम्ही चूप.

"ह्यांचा मानूस कुटं हाय?" त्यांनीच विचारलं.

"असेल इथंच कुठंतरी," दत्ता म्हणाला. खरं म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

पुढं चढ वाढला तसं अण्णा एका खडकावर बसले. "तुमी या जाऊन. मी हाय हितं." त्यांच्या हातात चालायची काठी होती, पिशवीत भाकरी होती. आम्ही गेलो. वरून दिसणारा तो समुद्र, त्यातली उघडीबोडकी बेटं आणि कानात भरणारं वारं, यावर मी पानभर लिहू शकेन. पण परत आलो तेव्हा खडकावर अण्णा नव्हते.

उतारावर एकही मेंढरू नव्हतं.

हाका मारत आम्ही जवळजवळ पळतच खाली आलो. तर खाली, गाडी लावायच्या जागेजवळ, दगडी कुंपण आणि रस्ता यांच्या बेचक्यात सगळा कळप एकत्र उभा आणि पुढं काठी आडवी धरून अण्णा. पटका सुटून गळ्यात आलेला, चेहरा लालबुंद. ओढ्यात पडल्यापासून हा चेहरा मी पाहिला नव्हता. इतका आनंद!

"सगळी गोळा केली," ते म्हणाले. "हरवल्यात रं ती. कानात बिल्ले हायती, म्हंजी मालक हाय. मानूस न्हाय, कुत्रं न्हाय. एखाद्या गड्याला काय झालं आसंल वर. म्हनलं आदी मेंढरं वाचवावीत, मग मानूस हुडकू."

सांगोल्याच्या माळावर राखणारा दिसत नसेल तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि अण्णांनी तोच लावला होता. लांडग्याच्या मुलखातल्या माणसाला दुसरा अर्थ सुचणार तरी कसा?

तेवढ्यात एक जुनाट गाडी येऊन थांबली, कारण तीन-चार मेंढरं रस्त्यावर होती. गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली. मेंढरांकडं बघितलं, अण्णांच्या पटक्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. तीच मालकीण, इंगर. दत्तानं तिच्या भाषेत माफी मागत सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. तिथं उन्हाळा लागला की मेंढरं डोंगरावर सोडून देतात. राखायला कुणी नसतं. थंडी पडायला लागली की गावकरी मिळून त्यांना खाली आणतात.

अण्णांना हे दत्तानं दोनदा सांगितलं तरी पटेना.

"रातचं बी कुनी न्हाय? इचार तिला, झोप लागती का."

इंगर म्हणाली, "कधीकधी नाही लागत. गरुड कोकरू उचलतो."

हे ऐकल्यावर मात्र अण्णांनी तिच्याकडं आपल्यातली म्हणून बघितलं.

आता मेंढरं परत वर न्यायची होती. चूक आपली, नेणार आपणच, म्हणून अण्णा पुढं झाले. त्यांनी हाक दिली, आमच्या माळावर जिला लांबचं मेंढरूही वळतं ती. एकाही मेंढरानं मान हलवली नाही. काठीनं वळवून त्यांनी कळप उताराला लावला, दहा-वीस पावलं चढले आणि गुडघा वाकेनासा झाला. उतरताना मेंढरांच्या नादात त्यांना काही जाणवलं नव्हतं. ते तिथंच गवतात बसले. मी धावले.

"लई दुखतंय का?"

त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. इंगरनं त्यांना ओलांडून पुढं जात चिरक्या आवाजात हाक मारली, आणि सगळा कळप घंटा वाजवत तिच्या मागं डोंगर चढायला लागला. दत्ता शेवटी. अण्णा बसल्या जागेवरून ती रांग दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

इंगर परत आली तेव्हा त्यांनी दत्ताला एकच विचारायला सांगितलं. तिच्याआधी मेंढरं कुणाकडं होती? सासऱ्यांकडं, ती म्हणाली. मग त्यांची हाक विसरून तुझी ओळखायला मेंढरांना किती दिवस लागले?

"एक हिवाळा," इंगर म्हणाली. "सासरे गोठ्यात आले की सगळी त्यांच्याकडंच पळायची. माझ्याकडं ढुंकूनही बघायची नाहीत."

अण्णांनी मान डोलावली. हे असलं का विचारलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

उरलेले दिवस समुद्राकाठच्या सपाट वाटांवर आणि बाजारात गेले. अण्णांनी अट पाळली आणि आम्हीही पाळली. डाव मात्र फसला असंच मी धरून चालले होते, कारण त्या दिवशीचा तो लालबुंद चेहरा बघितल्यावर मेंढरं द्या असं कुठल्या तोंडानं म्हणणार होते मी?

परतीला मुंबईहून सोलापूरची गाडी धरली. अण्णा कुर्डुवाडीला उतरून पुढं सांगोल्याला जाणार, स्टेशनवर सोपान काका घ्यायला येणार, असं ठरलं होतं. कुर्डुवाडी आली. मी त्यांची पिशवी खाली काढली.

"अण्णा, उठा की. गाडी सुटंल."

"सुटू दे."

"अहो, काका उभे असतील."

"न्हाय. त्याला फोन केलाय मी, येऊ नको म्हनून." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "मेंढरं सोपानाला दिली. दिवाळीपातूर मी गावात पाय ठेवायचा न्हाय."

"पण एकदा बघून तरी..."

"मी दिसलो की त्यांनी सोपानाकडं जायाचंच न्हाय. माझ्याच मागं लागतील, आनि मला तर चढवत न्हाय. माझा आवाज इसरायला दोन-तीन महिनं तरी जातील त्यांना. तवर लांबच ऱ्हायलेलं बरं."

गाडी सुटली. सोलापूर येईपर्यंत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. वर्षभर जे मागत होते ते मिळालं होतं, आणि मला रडू आवरत नव्हतं. अण्णांनी मला गप्प केलं नाही, शेंगाचटणीचा डबा तेवढा पुढं केला.

ट्रॉम्सोला जरूर जा. जून संपता संपता ते ऑगस्टपर्यंत वाटा मोकळ्या असतात. आई-वडिलांना न्या, वाटेल तो खर्च करून केबल कारनं वर पाठवा. माझ्या फोनमध्ये त्या खाड्यांचे, बर्फाचे, पुलाचे शेकड्यानं फोटो आहेत. अण्णांनी त्यातला एकही परत मागून बघितलेला नाही.

परवा संध्याकाळी सोपान काकांनी व्हिडिओ कॉल लावला. आम्हाला येऊन जेमतेम दोन आठवडे झालेत. मेंढरं माळावर चरत होती. अण्णा माझा फोन दोन्ही हातांत धरून, ओठ घट्ट मिटून बघत होते. मी म्हटलं, बोला की अण्णा, तर त्यांनी हातानं मलाच गप्प केलं. त्यांचा आवाज तिकडं जायला नको होता.

तिकडं काकांनी हाक दिली. चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या आणि सगळा कळप त्यांच्या मागं चालू लागला. एकही मागं राहिलं नाही. अण्णा हसले. समाधानानं मान डोलावली, फोन बंद होईपर्यंत हसतच होते.

मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "येवढ्या लौकर?"