भिंतीतली नऊ भोकं

हे बायकोला माहीत नाही. संपादकांना तर नाहीच. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका छापल्या. ही एक कुठेच लिहिली नाही — बोललोही नाही. आज तुम्हाला सांगतो.

अहमदपूरच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर माझं घर आहे. एकही झाड न तोडता बांधलेलं. मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा, छपराचं पाणी टाकीत. आराखड्यावर आर्किटेक्टसोबत मी वर्षभर बसलो. लोक बघायला येतात, वह्या काढतात, कौतुक करतात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं — त्यांच्यावर नाही.

अंगण सपाट करायचं तर खालच्या बाजूला माती धरणारी दगडी भिंत हवी. ती काशिनाथ गवंड्यानं बांधली. तिच्यात नऊ भोकं ठेवली.

"डोंगर आतून पाझरून राहतो, साहेब. पाण्याला वाट न्हाई दिली तर ते भिंतच घेऊन जातंय."

मी ती भोकं त्याच्यासमोर मोजली. वर चेष्टा केली — भिंत बांधलीस की बासरी?

"पावसाळ्यात वाजंल, मंग समजंल," तो हसला.

काम संपवून तो भोकरला लेकीकडे गेला. पहिल्याच सरींनंतर भोकांतून तांबडं पाणी आलं. चुना दिलेल्या भिंतीवर ओघळ उतरले. आणि आमच्याच पुरवणीत घराचे फोटो येणार होते. म्हणून? — हो, एवढ्यासाठीच. मी सिमेंट कालवलं, नऊच्या नऊ भोकं बुजवली, वरून चुना फासला. फोटो छान आले.

मग तीन दिवस झड लागली. भिंत गेली. दगड उताराखाली राहणाऱ्या सोजरबाईच्या गोठ्यावर पडले. तिचं वासरू मेलं. ती पाच मिनिटं आधी तिथेच शेण काढत होती.

बातमी मीच दिली. भिंत कुणाच्या घराची, ते लिहिलं नाही. काशिनाथचं नाव मात्र पूर्ण लिहिलं. 'गवंड्याने पाण्यासाठी छिद्रे न ठेवल्याने भिंत कोसळल्याचे जाणकारांनी सांगितले.' जाणकार किती होते? एक. तो कोण, हे आता सांगायला हवं का?

कात्रण घेऊन तो दारात आला. "जय भीम, साहेब. ह्यो जाणकार कोण हाय? चार दिसांपासून हुडकून राहिलो. भोकं तर तुम्हीच मोजली होती ना?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्यानं कात्रणाची घडी केली, खिशात घातली. चहा न घेता गेला. त्यानंतर तालुक्यात त्याला कुणी भिंत बांधायला दिली नाही. ज्यानं तीस वर्षं ओळंबा धरला, तो आता लातूरला दुसऱ्या गवंड्याच्या हाताखाली दगड उचलून देतो.

भोकं बुजवली तेव्हा मला परिणाम माहीत नव्हता, असं म्हणता येईल का? नाही. त्यानं सांगितलं होतं. आणि दारातलं ते खोटं — ते बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. याची चीड अजून उतरत नाही.

भिंत मी पुन्हा बांधून घेतली. नऊ भोकांचीच. पाहुणे विचारतात, ही कशासाठी? मी काशिनाथचं वाक्य शुद्ध भाषेत म्हणतो — माझं म्हणून. ते वहीत उतरवून घेतात.

परवाही उतरवून घेतलं.