किडेकाकीच्या बरण्या

त्या सकाळी आम्ही पाणी गाळलं. रोजचंच काम. मी बादलीच्या तोंडावर पंचा ताणून धरायचा आणि बायकोने कळशीतलं समुद्राचं पाणी त्याच्यावर ओतायचं. ओतायचं काम तिने मला कधी दिलं नाही. "तुमी होडीतला पाणी उपसल्यासारखा ओततात," म्हणायची. तिची धार अशी बारीक की पंच्यावर आवाज होत नसे. मध्ये थांबली, कळशी कमरेला टेकवली, दम घेतला. माझा हात ढिला पडला तशी म्हणाली, "नीट धरा ओ." मी धरलं. मग कट्ट्यावरच्या बरण्यांतून दोन बाटल्या भरून थर्माकोलच्या खोक्यात घातल्या, खोका पडवीतल्या बाकड्याखाली सारला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. दुपारच्या गाडीने तो म्हापशाला जायचा होता. ती म्हणाली, जरा टेकते. खुर्चीत टेकली ती टेकलीच.

गावात तिला किडेकाकी म्हणत. काही लोक खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे घरी काचेच्या पेटीत पाळतात. त्यातले काही मासे असे नखरेल की मेलेलं खात नाहीत, त्यांना जिवंतच लागतं. म्हणून ही बाई घरात जिवंत किडे वाढवायची. समुद्रातले किडे, मोहरीपेक्षा बारीक, पांढरे, पाण्यात टुणटुण उडणारे. त्यांचं खरं नाव कोपेपॉड, पण ते माझ्या तोंडात बसत नाही. ते किडे खातात हिरवं पाणी. ते पाणी हिरवं दिसतं कारण त्यात डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं. म्हणजे माशासाठी किडे, किड्यांसाठी शेवाळ, आणि शेवाळासाठी आम्ही दोघं.

हे वेड आमच्या मुलीने आणलं. तिला म्हापशाला दिली, जावयाचं अशा माशांचं दुकान आहे. एका गणपतीला ती एक हिरवी बाटली आणि एक किड्यांची बाटली घेऊन आली आणि आईला म्हणाली, बघ जमतं का. मी हसलो. जन्मभर रापणीचं जाळं ओढलेला माणूस मी, सुरमई-बांगडा बघितलेला. किडे कसले पाळायचे? ती म्हणाली, "तुमी जल्मभर मासे मारलात. मी त्यांका जेवू घालतंय. कोणीतरी फेड करूक व्हयी."

पडवीच्या कट्ट्यावर बरण्यांची रांग लागली. लोणच्याच्या, गोळ्याबिस्किटांच्या, मिळतील त्या. प्रत्येकीत बारीक नळी, नळीतून हवेचे बुडबुडे. वर ट्यूबलाइट. लाइट गेली की पंप बंद, मग ही एकेक बरणी हाताने ढवळत बसायची, तान्ह्या पोराला झोके द्यावेत तशी. रांगेत पहिली एक जाड काचेची बरणी होती. तिला ती आवस म्हणायची, म्हणजे आई. बाकी सगळं हिरवं पाणी त्या बरणीतून काढून वाढवलेलं, दुधाला विरजण लावतात तसं. "ही आवस आसा. ही गेली तर सगळा घर गेला," असं मला, मुलीला, आल्यागेल्याला सांगायची. पावण्याने त्या बरणीला हात लावला तर चहा मिळत नसे.

शिस्त कडक. हिरवं काढायचा डाव वेगळा, किडे काढायचा वेगळा. हिरव्याच्या डावाला लाल दोरा बांधलेला. रोज आधी हिरव्याचं काम, मग किड्यांचं. उलटं केलं आणि हाताला चिकटून एखादा किडा हिरव्यात गेला, की त्याची पिलावळ होते आणि ती सगळं हिरवं खाऊन बरणी पांढरी करते. किड्यांना हिरवं घालायचं तेही बेताने, पाणी मुगाच्या कढणासारखं दिसेल एवढंच. जास्त झालं की सडतं. मला ती म्हणायची, तुम्हाला वाढायला दिलं तर दोन दिवसांत मयत. जेवणातही मला वाढून घेऊ देत नसे, तेव्हा त्यात नवं काही नव्हतं.

पाणी मी आणायचो. भरतीला होडी खडकांच्या बाहेर घालून कॅन भरायचे. आणलेल्या पाण्याचा थेंब ती जिभेवर ठेवायची. कधी थुंकून म्हणायची, "ह्यात खाडी आसा." मग खाडीचं गोडं पाणी मिसळलेले ते कॅन ओतून परत जायचं. मी शिव्या घालत जायचो. पावसात समुद्राचं पाणी पातळ होतं, म्हणून मे महिन्यातच ड्रम भरून ठेवायचे. घरात प्यायच्या पाण्यापेक्षा खारं पाणी जास्त.

फोन मात्र तीच घ्यायची. पुण्याच्या एका माणसाने विचारलं, किडे जिवंतच पाठवता ना? ही म्हणाली, "मेलेले विकूक मी काय सुकटीचो धंदो करतंय?" तो माणूस पुढे कायमचं गिऱ्हाईक झाला. किडेकाकी हे नाव कोणी ठेवलं माहीत नाही. मला राग यायचा. तिला नाही. ती म्हणायची माणसं नावं ठेवतातच, किडे कोणाला ठेवत नाहीत.

शेवटचं वर्षभर छातीचं दुखणं होतं. सावंतवाडीच्या डॉक्टरने सांगितलं, दगदग नको. मी म्हटलं, बरण्या बंद करूया. तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत विषय काढला नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या मागे ही उपाशी मरतली. तुमका कोणीतरी पेज दितला, ह्यांका कोण दितला?" मी म्हटलं, गप बस.

ती गेली त्या दिवशी घर भरलं. मुलगी-जावई म्हापशाहून आली. संध्याकाळी आम्ही पुरुष तिला घेऊन गेलो. मागे बायकांनी रीतीप्रमाणे घर धुतलं. आमच्याकडे मयत झालं की घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत. हंडे, कळश्या, घागरी, सगळं ओतून टाकतात. माझ्या भावाची बायको शेजारीच असते, आम्ही तिला धाकटी म्हणतो. पुढे होऊन तिनेच सगळं केलं. रडत केलं. मी स्मशानातून परत आलो, अंगणात पाय धुतले आणि वर बघितलं तर कट्ट्यावर बरण्या पालथ्या. साबणाने घासलेल्या, स्वच्छ. रांगेत पहिली आवस, तीही पालथी. पंप चालू होता आणि नळ्या फरशीवर पडून वारा सोडत होत्या.

मुलीने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. धाकटीला तेव्हा कळलं. ती म्हणाली, "भावजीनू, माका वाटला पाणी कुजला. हिरवागार दिसला." रीत होती ती तिने केली. बायको जिवंत असती तर तिनेही दुसऱ्याच्या घरी हेच केलं असतं. मी पंप बंद केला आणि बाकड्यावर बसलो. माणूस गेलं ते गेलं, आणि संध्याकाळी परत एकदा गेलं असं वाटलं. रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही.

सकाळी उठलो. चूल पेटवायची नव्हती. काय करावं कळेना म्हणून पडवीत आलो, बाकड्यावर बसलो, आणि टाच ओल्या गोणपाटाला लागली. बाकड्याखाली खोका होता. म्हापशाचा. आदल्या दिवशी गाडीवर द्यायचा राहिलेला. दिवसभर बाकड्यावर माणसं बसून रडून गेली होती, खाली कोणी बघितलं नव्हतं.

मी खोका उघडला. वर हिरवी बाटली, खाली किड्यांची. झाकणं सैल केली, आत हवा नाही, जीव गुदमरला असेल. आधी हिरवी उजेडात धरली. खाली गाळ बसला होता, हलवल्यावर सगळं पाणी हिरवं झालं. मग किड्यांची धरली. बघत राहिलो. माझे डोळे आता तेवढे चांगले नाहीत. बऱ्याच वेळाने एक ठिपका टुणकन उडाला. मग दुसरा.

पालथी पडलेली आवस मी सरळ केली. साबणाचा वास जाईपर्यंत विसळली. मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, सुतक आहे, आज कशाला हात लावू नका.

"सुतक माका," मी म्हटलं. "त्यांका नाय."

घरामागचा खाऱ्या पाण्याचा ड्रम कोणी ओतला नव्हता, बायकांना तो जड गेला असणार. त्यातलं पाणी कळशीत काढलं, थेंब जिभेवर ठेवला. खाडी नव्हती. पंचा दांडीवर वाळत होता तो घेतला. पण पंचा धरू तर कळशी कोण ओतणार, आणि कळशी घेऊ तर पंचा कोण धरणार? असाच उभा होतो. तेवढ्यात धाकटी पेजेचं भांडं घेऊन आली. माझ्याकडे बघितलं, उभ्या केलेल्या बरणीकडे बघितलं. भांडं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि बादलीवर पंचा ताणून धरला. रात्रभर रडलेली दिसत होती.

"नीट धर गो," मी म्हटलं.

आणि ओतायला लागलो. बारीक धारेने, आवाज न करता.